न निघालेला धूर

पावणेतीनशे मीटर उंचीवरून पडलेलं पाणी खाली पोचतं तेव्हा वरच्यापेक्षा किंचित कोमट असतं.

भोपाळमध्ये अशोका गार्डनच्या बाजूने जाणारी कोळशाची मालगाडी बहुतेक अठ्ठावन्न डब्यांची असते. शेवटचा गार्डचा डबा धरायचा की नाही, यावर एकमत नाही.

खंडेनवमीला पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याला पूजा हलेपर्यंत उचलायचं नसतं.

पोलादावरचा बारीकसा उंचवटा उघड्या तळहाताला कळत नाही. मध्ये जुनं सुती कापड घेतलं की कळतो.

भूतानमधल्या नद्या हिवाळ्यात बारीक होतात.

न निघालेल्या धुराचं वजन करता येतं. त्यासाठी दोन देशांची पत्रं लागतात.

•

काशिनाथ वैरागडे छत्तीस वर्षं भोपाळच्या सरकारी कारखान्यात ग्राइंडर चालवत होता. वर्ध्याहून आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं, मग त्याच रांगेत जरा मोठं मिळालं. पुढच्या रविवारी सोनागिरीत पाहायला जायचं असलेलं घर गेली नऊ वर्षं पुढच्या रविवारीच पाहायचं राहिलं होतं.

कारखान्यात जलविद्युत केंद्रांसाठी टर्बाइनची चाकं बनत. त्यांना सगळे रनर म्हणत. पोलादाचं, उभ्या माणसाएवढं चाक, त्याला तेरा वळलेली पाती. पाणी बाजूने आत शिरतं, पात्यांना ढकलतं आणि खालून पडून जातं. दोन पात्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मोठ्या यंत्राचा हात पोचत नाही. तिथे काशिनाथचा पोचे.

पात्याचं वळण बरोबर आलं की नाही, हे बघायला गेज असे: वळणाबरहुकूम कापलेली पोलादी पट्टी, पात्यावरच्या प्रत्येक नंबरी जागेसाठी वेगळी. ती पात्यावर उभी टेकवायची आणि पलीकडे दिवा धरायचा. मधून उजेड दिसला तर तेवढं वळण चुकलं. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची फट चालते. त्यापुढे नाही.

२०११ साली भूतानच्या एका नदीवरच्या केंद्रासाठी दोन रनर तयार झाले. पहिला ऑगस्टमध्ये गेला. दुसरा दसऱ्याच्या सकाळी ट्रेलरवर चढला.

•

पुढल्या वर्षीच्या नोव्हेंबरात, एका रविवारी दुपारी काशिनाथने कांचन भागवतला घरी बोलावलं. कांचन कारखान्याच्या टेस्टिंग विभागात इंजिनिअर होती. वडील याच कारखान्यात कारकून, त्यामुळे ती वसाहतीतच वाढली. आता अशोका गार्डनला राहायची. दोन दिवसांनी ती भूतानला निघणार होती, तिथल्या दोन्ही यंत्रांची कार्यक्षमता मोजायला.

"गेटच्या आत मॅडम म्हणतो. इथे नाही म्हणणार," काशिनाथ म्हणाला.

"इथे काय म्हणणार?"

"इथे चहा घे म्हणणार."

चहा झाला. काशिनाथने कप बशीत तीन वेळा फिरवला.

"दोन नंबरच्या मशीनचा आकडा आला की मला सांगशील?"

"रिपोर्ट येईलच की, काका."

"रिपोर्ट फेब्रुवारीत येईल. मी एकतीस डिसेंबरला रिटायर. मला आधी पाहिजे."

"का पण?"

स्वयंपाकघरातून लीलावतीबाई म्हणाल्या, "सांगा आता. वर्षभर मला एकटीला सांगताय."

त्याने सांगितलं. खंडेनवमीच्या सकाळी शॉपमध्ये, रनर बनत त्या शेडमध्ये, पूजा होती. दुसरा रनर पूर्ण झाला असं धरून त्याने आपली सगळी हत्यारं पूजेत मांडली. ग्राइंडर, कानशी, गेजचा अख्खा संच, आणि पाती चाचपायचं जुनं फडकंसुद्धा. घरची मंडळी आली, हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. अकरा वाजता फोरमन श्रीकांत ताम्हणे धावत आला. शेवटच्या तपासणीत तेराव्या पात्याला केसाएवढी चीर सापडली होती. वेल्डरने ती भरली होती. आता तिथला टेंगूळ घासून वळणात आणायचा होता आणि ट्रेलर सकाळी सहाला निघणार होता.

"स्टोअरमधून नवा ग्राइंडर आला. त्याला हळदकुंकू लागलेलं नव्हतं, त्यामुळे अडचण नव्हती. पण त्या जागेचं गेज एकच. ते पूजेत."

"मग उचलायचं."

"मी श्रीकांतला तेच म्हटलं, उचल. तो म्हणाला, पूजा तुमची, मी कशाला? मी म्हटलं, तू साहेब आहेस. तो म्हणाला, साहेब शॉपमध्ये, घरी आई आहे."

"दुसऱ्या कुणाला सांगायचं. शॉपमधल्या यादवला."

"यादव नवमीच्या भंडाऱ्याला गेलेला. सगळेच गेलेले."

"आणि तुमचा हात नाहीच झाला."

"माझा बाप खंडेनवमीला विळा मांडायचा. त्या दिवशी बैलांची वैरण हाताने उपटायचा. बोटं कापायची, पण विळा नाही उचलायचा. मला काही पुण्य वगैरे नको होतं, कांचन. हातच गेला नाही पुढे."

"फडकंही पूजेत," लीलावतीबाई हात पुसत बाहेर आल्या. "मग माझा पदर घेतला. मी तिथे त्या चाकापाशी पदर पसरून उभी, हे वरून हात फिरवताहेत, घासताहेत, पुन्हा पदर, पुन्हा हात. तीन-साडेतीन तास."

"शॉपमध्ये कोणी बघितलं नाही?"

"श्रीकांतभाऊ होते. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले."

कांचन हसली. काशिनाथ हसला नाही. त्याने टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला बॉलपेनने लिहून दाखवलं:

पातं १२, जागा ७, फट ०.३
पातं १३, जागा ७, फट ०.३

"बाराव्याचा आकडा तेराव्यात उतरवला. खाली माझी सही. श्रीकांतची सही."

"आणि पातं बरोबर झालं होतं?"

"माझ्या हाताने तरी हो म्हटलं. पण हाताला कोण विचारतं? शीटवर गेज लिहिलंय, गेज लागलेलं नाही." त्याने पेन ठेवलं. "मी ठरवलंय. पाणी चांगलं म्हणालं तर गप्प निघून जाईन. वाईट म्हणालं तर लिहून देईन."

"चौकशी लागेल, काका. शेवटच्या महिन्यात. निरोप समारंभसुद्धा होऊ देणार नाहीत."

"हारवाल्याला आधीच सांगून ठेवलंय यांनी," लीलावतीबाई म्हणाल्या. "गुलाबाचा नको, झेंडूचा सांगितलाय. गुलाब गळतो म्हणे."

•

०.६४४

पाणी वरून खाली आलं आणि काहीच काम न करता नुसतं आदळलं, तर त्याची सगळी ताकद उष्णता होऊन त्याच्यातच राहील. पावणेतीनशे मीटरच्या उडीसाठी ही वाढ अंशाच्या चौसष्ट शतांशांहून थोडी जास्त. पण वाटेत रनर असतो. जितकी ताकद रनर काढून घेतो तितकं पाणी थंड राहतं. जी त्याला काढता आली नाही, ती ऊब होऊन पाण्याबरोबर निघून जाते.

म्हणून यंत्र चांगलं की वाईट हे यंत्राला विचारत नाहीत. वरच्या पाण्यात एक थर्मामीटर ठेवतात, खालच्या पाण्यात एक.

हा नियम कांचनने कॉलेजात पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता, चार केंद्रांवर वापरला होता. दरीच्या तळाशी, भूतानमधल्या त्या केंद्राच्या मागच्या कालव्याच्या कडेला उभं राहून तिने पहिल्यांदा नदीकडे पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. हिरवट पांढरं पाणी बाहेर पडत होतं आणि निघून जात होतं. त्याच्यात कुणाच्या तरी हाताची चूक ऊब होऊन चालली होती. पाण्याला सगळं ठाऊक होतं. फक्त त्याला विचारायला अंशाचा हजारावा भाग कळणारं यंत्र लागत होतं.

करारात लिहिलेली मर्यादा होती बेचाळीस हजारांश. त्याच्या आत ऊब असली तर रनर पास.

•

अच्युत पुण्याचा. तो क्योटोच्या हवामान कराराच्या कामासाठी आला होता. केंद्रातून वीज किती निघते, यंत्रं किती चांगली आहेत, हे तपासून त्यावरून एक आकडा काढायचा, तो कुठल्याशा परदेशी कार्यालयाला पाठवायचा, हे त्याचं काम. जेवणाच्या खोलीत लाल मिरच्यांच्या चीजच्या भाजीने डोळ्यांत पाणी आलेल्या अवस्थेत तो हे समजावून सांगत होता.

"म्हणजे तुम्ही न निघालेला धूर मोजता," कांचन म्हणाली.

"मोजतो. आणि त्याचा दाखला देतो."

"आमच्याकडे अशा माणसाला ग्वाल्हेरच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवतात."

"पाठवा. आधी ऐका तरी. ही वीज भूतानला आत्ता लागत नाही. ती तारेने आपल्याकडे येते. आली की आपल्याकडचं एखादं कोळशाचं केंद्र तेवढं कमी चालतं. धूर वाचला भारतात, पाणी वाहिलं भूतानात. म्हणून दोन्ही सरकारांनी पत्रं दिली, की हा वाचलेला धूर या नदीच्या नावावर धरायला आमची हरकत नाही. त्या पत्रांवर हा डोलारा उभा आहे."

"आणि यंत्र जरा वाईट निघालं तर?"

"किती जरा?"

"एक टक्का."

अच्युतने मोबाइलवर आकडे मारले. "या मशीनचं वर्षाचं उत्पादन वीस कोटी युनिट. एक टक्का, वीस लाख. युनिटला सातशे ग्रॅम कोळसा धरा. चौदाशे टन." त्याने नाक पुसलं. "मालगाडीचा डबा साठ टनांचा. तेवीस डबे. दरवर्षी. यंत्र पस्तीस वर्षं चालेल म्हणतात."

कांचनच्या घराच्या गच्चीवरून रूळ दिसत. लहान असताना वडिलांबरोबर आलं की ती तिथल्या मावशीच्या घरून डबे मोजायची. तेवीस डबे म्हणजे इंजिन पुलाखालून गेल्यापासून जवळजवळ मधल्या डब्यापर्यंत. तेवढी गाडी, दरसाल, एका टक्क्यासाठी. आणि टक्का कुठे ठरतो, तर भोपाळला, दोन पात्यांच्या मध्ये, कोपरापर्यंत हात घातलेल्या माणसाच्या तळहाताखाली. त्या माणसाने ही नदी कधी पाहिलेली नाही. नदीने कोळसा पाहिलेला नाही. मध्ये एक सीमा, दोन सरकारं, एक परदेशी कार्यालय, आणि हे सगळे जण एकमेकांना एका वळणाने बांधलेले.

"एवढ्या विचारात पडायला काय झालं?" अच्युतने विचारलं.

"काही नाही. तिखट आहे."

•

एक नंबरचं यंत्र: ०.०३८

दोन नंबरचं यंत्र: ०.०५५

तिने पुन्हा घेतलं. चोपन्न. पुन्हा घेतलं. पंचावन्न.

•

संध्याकाळी सहाला काशिनाथचा फोन आला. तिला सांगता आलं असतं, की अजून झालं नाही.

"पंचावन्न," ती म्हणाली.

"आणि पाहिजे किती?"

"बेचाळीसच्या आत."

"पहिल्याचं?"

"अडतीस."

"म्हणजे कितीने वाईट?"

"अडीच टक्क्यांच्या आसपास, काका. पण मी उद्या परत—"

"कोळशात किती होतं?"

त्याला कोळशाचं कसं माहीत, हे तिच्या लक्षातच आलं नाही. दुपारी तिनेच लीलावतीबाईंना फोनवर हौसेने सांगितलं होतं. "साठ डबे. वर्षाला."

"पूर्ण गाडी झाली."

"हो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"बरं," काशिनाथ म्हणाला. "तू जेवलीस का? तिथे थंडी असेल. कानाला बांधत जा."

•

कॅलेंडरच्या पानामागे त्याने आधी मराठीत लिहिलं, मग शेजारच्या कल्पनाकडून ऑफिससाठी हिंदी करून घेतलं. मराठी पान कांचनने नंतर पाहिलं. ते असं होतं.

    महोदय,
    दि. ५ ऑक्टोबर २०११ रोजी रनर क्र. २ च्या तेराव्या पात्यावर जागा ७ येथे
    मी गेज लावले नाही. गेज पूजेत होते.
    आकडा बाराव्या पात्याचा लिहिला.
    ताम्हणे साहेबांनी सही माझ्या भरवशावर केली.
    ~~पूजा मोडायची नव्हती~~
    ~~हाताला बरोबर लागले~~
    गेज लावले नाही.
    का. म. वैरागडे

खोडलेल्या दोन ओळी हिंदी अर्जात नव्हत्या.

•

दोन दिवस कांचनने उपकरणं तपासली. थर्मामीटर बदलले, वायरी बदलल्या, वरच्या पाण्याचा नळ उघडून पुन्हा बसवला. पंचावन्न. तिसऱ्या दिवशी सकाळी ती कालव्याच्या कठड्यावर बसली होती. तिथला ऑपरेटर चेहरा धुवायला आला. खालच्या बाजूला भिंतीतून एक जाड पाइप निघाला होता, त्याच्यातून पडणाऱ्या पाण्यात त्याने निवांत हात धरले.

"मॅडम, आप भी धो लीजिए," तो म्हणाला. "यहाँ गरम आता है. हम सब लोग सुबह इधर ही आते हैं."

"गरम क्यों आता है?"

"बेअरिंग का पानी है. ठंडा करके निकलता है ना."

ती उठली. एक नंबरच्या यंत्राचं बेअरिंग थंड करून आलेलं पाणी बरंच खाली, वळणापलीकडे नदीत पडत होतं. दोन नंबरच्या वेळी मध्ये खडक लागला आणि पाइप अलीकडेच भिंतीतून बाहेर काढला होता. तिचा थर्मामीटर त्याच्यापासून चार मीटरवर होता. भिंतीवर तेवढ्याच पट्ट्यात हिरवंगार शेवाळ धरलं होतं. ती तीन दिवस त्याच्यासमोर उभी होती.

थर्मामीटरची चौकट पाइपच्या वरच्या बाजूला, यंत्राच्या तोंडाशी हलवली.

०.०३९

पुन्हा. एकोणचाळीस. पुन्हा. एकोणचाळीस.

अडतीस आणि एकोणचाळीस यांत चांगलं कुठलं, हे सांगायची त्या उपकरणाची ताकद नव्हती. दोन हजारांशाच्या आत ते कुणाचीच हमी देत नव्हतं. एक रनर गेजने तपासलेला होता आणि दुसऱ्याचं एक पातं बाईच्या पदरावरून हात फिरवून. नदीला दोन्ही सारखेच वाटत होते.

अच्युतने आकडा वहीत लिहून घेतला. "छान आहे," म्हणाला, आणि पान उलटलं. कांचन त्याच्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं, कुणीतरी निदान दोन मिनिटं उभं राहायला हवं होतं.

•

"काका, एकोणचाळीस. चूक माझी होती. थर्मामीटर चुकीच्या जागी होता."

"एकोणचाळीस," तो म्हणाला. जणू एखाद्या मुलाचं वजन ऐकावं तसं. "अगं ऐकलंस का, एकोणचाळीस."

मागून लीलावतीबाई म्हणाल्या, "मग आधी पंचावन्न कशाला सांगितलं तिने? दोन रात्री झोप नाही आम्हाला."

"काका, तुम्ही काही लिहून तर दिलं नाही ना?"

"काल दिलं."

"मागे घ्या. अजून आवक-जावकलाच असेल. मी तिथल्या मंदाकिनीताईंना फोन करते, त्या बाजूला काढून ठेवतील."

"काय म्हणून मागे घेऊ? गेज लावलं होतं म्हणून?"

"तुम्हीच म्हणाला होतात. पाणी चांगलं म्हणालं तर गप्प निघून जाईन."

"तेव्हा लिहिलेलं नव्हतं," काशिनाथ म्हणाला. "लिहिताना असं दिसलं की पाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

•

एकतीस डिसेंबरला वसाहतीच्या क्लबात सहा जणांचा निरोप समारंभ झाला. पाच जणांना हार घातले. काशिनाथचं प्रकरण चौकशीत होतं, म्हणून त्याचं नाव पुढच्या तारखेला ठेवलं. पुढची तारीख कळवण्यात येईल, असं सांगितलं. त्याच दिवशी मध्यरात्री क्योटो कराराची पहिली मुदतही संपली, असं अच्युतने कांचनला कळवलं. त्या संदेशात फटाक्याचं एक चित्र होतं.

श्रीकांतने चौकशीत सगळं मान्य केलं. फक्त भिंतीकडे का पाहत होतात, या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही.

समितीने ठरवलं, हिवाळ्यात केंद्र देखभालीला बंद असेल तेव्हा प्रत्यक्ष गेज लावून पाहावं. गेज घेऊन कांचनलाच पाठवलं.

•

फेब्रुवारी. नदी इतकी बारीक झाली होती की दगडांवरून चालत पलीकडे जाता आलं असतं.

यंत्र कोरडं होतं. ती खालच्या भोकातून शिडीने चढून रनरच्या पोटात शिरली. पाठ खालच्या कड्याला टेकली, वर तेरा पाती फुलासारखी उघडलेली. वर्षभराच्या पाण्याने त्यांना असं गुळगुळीत केलं होतं की दिव्याचा उजेड त्यांवरून घसरत होता. आत आवाज नव्हता. तिचा श्वास पोलादाला लागून परत येत होता.

"मॅडम, लाइट ठीक है?" ऑपरेटरने खालून विचारलं.

"ठीक है. बिजली कहाँ से आ रही है, मशीन तो बंद है?"

"आपके यहाँ से," तो म्हणाला. "ठंड में नदी सूखती है, तो उधर से लेते हैं. कोयले वाली."

तिने हातातल्या दिव्याकडे पाहिलं. साधा जाळीतला दिवा. उन्हाळ्या-पावसाळ्यात ज्या तारेने इथलं पाणी वीज होऊन तिकडे जातं, त्याच तारेने हिवाळ्यात तिकडचा कोळसा वीज होऊन इथे येतो. कुठल्यातरी खाणीतून निघालेला, कदाचित तिच्या गच्चीखालून गेलेला, साठ टनांतला एक मूठभर कोळसा आत्ता या डोंगराच्या पोटात जळत होता, आणि त्याच्या उजेडात ती पाहणार होती की काशिनाथच्या हाताने किती कोळसा वाचवला.

ती काही क्षण तशीच पडून राहिली. आपण फार लहान आहोत असं तिला वाटत होतं आणि त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. डोंगर, नदी, सीमा, खाण, मालगाडी, परदेशातलं ते कार्यालय, सगळं एवढ्याशा जागेत मावलं होतं.

मग तिने सात नंबरचं गेज तेराव्या पात्यावर उभं टेकवलं आणि दिवा मागे धरला.

उजेडाची एक रेघ दिसली. केसापेक्षा जाड. अडीच बोटं लांब.

तिने फटीत एकेका जाडीची मापाची पट्टी सरकवली. पाच गेली. सहा गेली. सात गेली. आठ अडकत अडकत गेली.

०.८. चालतं ते ०.५ पर्यंत.

तिने बारावं पातं पाहिलं. ०.३. मग पुन्हा तेरावं. रेघ तिथेच होती. तिने हातमोजा काढला, खिशातला रुमाल त्या जागी पसरला आणि वरून तळहात फिरवला. खाली, वर. डोळे मिटून. हाताला कुठे काही लागलं नाही. वळण एका बाजूने येत होतं आणि दुसऱ्या बाजूला जात होतं, मध्ये कुठेच थांबत नव्हतं.

फॉर्मवर तिने लिहिलं: पातं १३, जागा ७, फट ०.८.

•

"किती?" काशिनाथने दारातच विचारलं.

"आठ."

"आतल्या बाजूला की बाहेरच्या?"

"आतल्या. अडीच बोटं."

त्याने उजवा हात हवेत उचलला, मनातल्या मनात ते वळण फिरवून पाहिलं. हात एका जागी किंचित मंदावला आणि पुढे गेला. "असेल," म्हणाला. "तिथे जरा जास्त गेलं असेल." मग म्हणाला, "तू काय लिहिलंस?"

"आठ."

"बरं केलंस."

लीलावतीबाईंनी चहा आणला. "म्हणजे पास की नापास?"

"गेजने नापास, काकू. पाण्याने पास."

"मग मोठं कोण?"

कांचनने काशिनाथकडे पाहिलं. तो अजून आपल्या तळहाताकडे बघत होता, दुसऱ्या कुणाची वस्तू हातात आल्यासारखा. "मला एवढंच कळतं," तो हळूच म्हणाला, "की एवढी जागा चुकली आणि नदीला कळलं नाही. किती मोठी असेल ती."

"आता दगडांवरून चालत जाता येतं, काका. एवढीशी झालीय."

"असू दे," काशिनाथ म्हणाला. "तरी."

समितीचा निर्णय एप्रिलमध्ये आला. रनर आहे तसा स्वीकारावा. ताम्हणे यांना लेखी ताकीद. वैरागडे निवृत्त असल्याने त्यांच्याबाबत कारवाई नाही, मात्र तपासणी-नोंदीत क्रमांक १३ समोरील ०.३ खोडून ०.८ लिहावे, आणि खोडणाऱ्याने सही करावी. मंदाकिनीताईंनी काशिनाथला बोलावून घेतलं. मूळ शीट पुढे ठेवलं. त्याने ०.३ वर एक सरळ रेघ मारली, शेजारी ०.८ लिहिलं आणि सही केली.

कागदोपत्री ५ ऑक्टोबर २०११ रोजी काशिनाथ वैरागडे रजेवर होता. हजेरीपटात त्या दिवशी त्याच्या नावापुढे पूर्ण दिवसाची रजा मांडलेली आहे; तो नुसता पूजेला आला होता, आणि ही नोंद खोडायला कुणी सांगितलं नाही.